उडत्या तबकड्यांचे दप्तर

दिवाळी अंकात परीक्षण यावयाचे ते एखाद्या गाजलेल्या कादंबरीचे, नाही तर नव्या कवितासंग्रहाचे, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी ज्या ग्रंथाविषयी लिहिणार आहे त्याला लेखक नाही, प्रकाशक नाही, किंमत नाही, आणि तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस जगात असेल की नाही याचीही मला शंका आहे. अमेरिकेच्या हवाई दलाने १९४७ पासून १९६९ पर्यंत आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंच्या ज्या नोंदी ठेवल्या, त्यांचे हे दप्तर. एकंदर नोंदी १२,६१८. त्यांपैकी ७०१ नोंदींपुढे 'ओळख पटली नाही' असा शेरा अखेरपर्यंत राहिला. बाकीच्यांना शुक्र, उल्का, विमान, फुगा, पक्षी अशी नावे मिळाली. हे कागद ओहायओ राज्यातल्या डेटनजवळ, राइट-पॅटरसन या लष्करी विमानतळावर ठेवलेले होते. पुढे ते राष्ट्रीय अभिलेखागारात गेले, आणि आता त्यांच्या प्रतिमा कोणालाही घरबसल्या पाहता येतात. शाळा सुटल्यावर, वह्या तपासून झाल्या की, मी गेले काही महिने त्या पाहतो आहे.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. रडार कसे चालते हे मला विचाराल, तर मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांकडे बोट दाखवीन. परंतु माणसे काय सांगतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कसे सांगतात, हे पाहण्यात माझी वीस वर्षे गेली. निम्मी वर्गात, निम्मी कादंबऱ्या लिहिताना. तेव्हा परग्रहावरची माणसे आली की नाही या वादात मी फार वेळ घालवीत नाही. ती आल्याचा पुरावा मला या दप्तरात कोठेही आढळला नाही, हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढेच हवे असेल त्यांना फराळाकडे वळता येईल. माझा विषय आहे तो या नोंदींचे लेखन.

या कामाची नावेच पाहा. १९४८ साली त्याला 'साइन' म्हणत, म्हणजे खूण. १९४९ साली ते 'ग्रज' झाले. ग्रज म्हणजे आकस! सरकारी कामाला इतके प्रामाणिक नाव क्वचितच मिळत असेल. १९५२ पासून ते 'ब्लू बुक' झाले. हे नाव कोठून आले, तर तिकडच्या कॉलेजांतून परीक्षेची उत्तरे ज्या निळ्या वह्यांत लिहितात त्या वह्यांवरून. उत्तरपत्रिका! मास्तराच्या मनाला हे नाव एकदम पटावे असेच आहे. फक्त येथे एक विपरीत घडले आहे: प्रश्न विद्यार्थ्याने घातला आणि उत्तर परीक्षकाने लिहिले. त्या उत्तराला गुण देणारे मात्र कोणी नव्हते.

या सगळ्या ग्रंथाचा उगम एका उपमेत आहे. २४ जून १९४७ रोजी केनेथ आर्नल्ड नावाचे गृहस्थ वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनिअरच्या आसपास आपले छोटे विमान घेऊन फिरत होते. ते आग विझविण्याच्या साहित्याचा व्यापार करीत, आणि त्या दिवशी बेपत्ता झालेले एक लष्करी विमान कोठे दिसते का हे पाहत होते. त्यांना ओळीने जाणाऱ्या नऊ चकचकीत वस्तू दिसल्या. दोन शिखरांमधले अंतर त्या वस्तूंना तोडायला किती वेळ लागला, हे त्यांनी घड्याळ लावून मोजले: १ मिनिट ४२ सेकंद. मग पत्रकारांना सांगताना ते म्हणाले की, पाण्यावर बशी भिरकावली तर ती जशी टप्पे घेत जाईल तशा त्या जात होत्या. आपली मुले तळ्याच्या काठी चपटी खापरी फेकतात, तशीच ही कल्पना.

आता आठवीच्या वर्गात मी शिकवितो, की उपमेत उपमेय असते, उपमान असते, आणि दोहोंत समान असलेला एक साधारण धर्म असतो. आर्नल्ड यांच्या उपमेतला साधारण धर्म होता गती. वर्तमानपत्रांनी तो आकारावर नेऊन बसविला, आणि 'उडती बशी' हा शब्द जन्माला आला. आर्नल्ड यांनी सैन्याला जे चित्र काढून दिले त्यातली वस्तू पुरती वाटोळी नाहीच. पुढून गोलसर, मागून कापल्यासारखी आहे. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत साऱ्या देशभर लोकांना दिसू लागल्या त्या वाटोळ्या बशाच. एका अलंकाराचे चुकीचे रसग्रहण झाले आणि त्यातून वीस-बावीस वर्षांचे दप्तर उभे राहिले, असे दुसरे उदाहरण मला वाङ्मयात ठाऊक नाही. (मराठीत 'बशी' टाळून 'तबकडी' म्हणण्याचे ज्याने ठरविले, त्याचे आभार मानावेत. 'उडती बशी' म्हटले असते तर वाचकाला प्रथम चहाच सांडलेला दिसला असता.)

नोंदीचा साचा साधारण ठरलेला आहे. साक्षीदाराकडून एक लांबलचक फॉर्म भरून घेत. वस्तू केव्हा दिसली, कोणत्या दिशेला, किती वेळ, आवाज होता का, ढगाआड गेली का. हात लांब करून धरल्यास कोणत्या वस्तूएवढी दिसली, असाही एक प्रश्न असे, आणि पुढे टाचणीचे डोके, वाटाणा, निरनिराळी नाणी, चेंडू अशी यादी. हा प्रश्न ज्याने काढला त्याला लेखनातले मर्म कळत होते. आकाशातली वस्तू 'प्रचंड मोठी होती' म्हणण्याला काहीच अर्थ नाही. 'हात लांब केला तर वाटाण्याएवढी' म्हणण्याला आहे. नव्या कथालेखकांनी हा एक प्रश्न टेबलासमोर लावून ठेवावा असे मला वाटते. शेवटी एक चौकट, चित्र काढायला. त्यानंतर साक्षीदाराचे काम संपते आणि अधिकाऱ्याची भाषा सुरू होते, आणि मजकुराचा जीव जातो.

हा फरक पाहावयाचा असेल तर सोकोरोचे प्रकरण वाचावे. न्यू मेक्सिकोतले सोकोरो हे छोटे गाव. २४ एप्रिल १९६४ च्या संध्याकाळी लॉनी झमोरा हे तेथले पोलीस शिपाई भरधाव जाणाऱ्या एका मोटारीचा पाठलाग करीत होते. इतक्यात गर्जनेसारखा आवाज झाला आणि आकाशात ज्वाळा दिसली. त्या बाजूला सुरुंगाची दारू ठेवण्याची एक खोपटी होती. ती उडाली असावी असे वाटून त्यांनी पाठलाग सोडला आणि गाडी कच्च्या रस्त्याला घातली. पुढे एका ओघळीत काहीतरी चमकत होते. प्रथम त्यांना वाटले, कोणाची तरी मोटार उलटली आहे. जवळ पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसे दिसली. लहान चणीची मोठी माणसे असतील, नाही तर मोठी मुले असतील. जवळ गेल्यावर ती वस्तू अंड्याच्या आकाराची वाटली. पुन्हा गर्जना झाली, खालून ज्वाळा निघाली. झमोरा पळाले, पाय गाडीला आपटला, चष्मा पडला. मग आवाज थांबला आणि ती वस्तू निघून गेली. मागे जळकी झुडपे आणि जमिनीतले चार खळगे राहिले.

हा जबाब मला इतका आवडतो याचे कारण त्यातली झमोरा यांची चुकीची तर्कटे. खोटे सांगणारा माणूस पहिल्याच वाक्यात अद्भुत वस्तू आणतो. खरे सांगणारा आधी आपल्या रोजच्या जगातले काय काय लावून पाहतो: दारूची खोपटी, उलटलेली मोटार, मुले. जे दिसले त्याला ओळखीचे नाव देण्याची त्याची धडपड चाललेली असते, आणि ती एकेक करून फसत जाते. झमोरा यांनी काय पाहिले हे मला ठाऊक नाही, पण त्यांनी पाहिले तसेच सांगितले याविषयी माझ्या मनात संशय नाही. त्या वेळी ब्लू बुकचे प्रमुख असलेले मेजर हेक्टर क्विंटानिया हे काही भोळे गृहस्थ नव्हते. पण त्यांनीही पुढे लिहिले की, कागदोपत्री इतके चोख असे दुसरे प्रकरण दप्तरात नाही. या नोंदीपुढचा शेरा शेवटपर्यंत 'ओळख पटली नाही' हाच राहिला. अधिकाऱ्याने येथे उत्तर लिहिले नाही, हे त्याचे मोठेपण.

सगळीकडे असे झालेले नाही. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकी राज्यातल्या गॉडमन विमानतळावरून आकाशात काहीतरी मोठे, चमकणारे दिसले. कॅप्टन टॉमस मँटेल हे त्याच वेळी आपले विमान घेऊन जवळून चालले होते. त्यांना ते काय आहे पाहावयास सांगितले. त्यांच्या विमानात प्राणवायूची सोय नव्हती. तरी ते वर वर चढत गेले, आणि थोड्या वेळाने विमान खाली कोसळले. वय अवघे २५. यावर हवाई दलाचे पहिले उत्तर काय, तर तो शुक्र होता. दिवसाढवळ्या, धुरकट आकाशात, शुक्र! खरे उत्तर बहुधा असे आहे की, तो आरमाराचा एक प्रचंड 'स्कायहुक' फुगा होता. हे फुगे त्या काळात गुप्त होते. ज्यांनी तो सोडला त्यांनी सांगितले नाही, आणि ज्यांनी चौकशी केली त्यांना ठाऊक नव्हते. एक तरुण वैमानिक आपल्याच देशाच्या फुग्यामागे गेला आणि मेला, आणि दप्तराने त्याच्या मृत्यूला एका ग्रहाचे नाव दिले. मी कादंबरीकार आहे. असा योगायोग मी लिहिला असता तर संपादकांनी तो खोडला असता.

पुढे हे अधिकच बिघडले. १९५५ पासून अमेरिकेच्या हेरखात्याचे यू-२ विमान ६०,००० फुटांहून वर उडू लागले. तेव्हा प्रवासी विमाने फार तर वीसेक हजार फुटांवरून जात. खाली सूर्य मावळलेला, आणि वर इतक्या उंचीवर एक पंख उन्हात झळाळतो आहे! वैमानिकांनी पत्रे लिहिली. ब्लू बुकचे अधिकारी हेरखात्याला गुपचूप विचारीत, यू-२ असल्याचे कळे, आणि मग पत्राला उत्तर जाई ते भलतेच. एका सरकारी इतिहासकाराचा लेख १९९७ साली प्रसिद्ध झाला, त्यात हे सरळ लिहिले आहे. त्या काळातल्या निम्म्याहून अधिक बातम्यांचे मूळ या गुप्त विमानांत होते असेही त्यात म्हटले आहे. हा आकडा सर्वांना मान्य नाही, आणि मलाही तो जरा सढळ हाताने घातलेला वाटतो. पण आकडा सोडून द्या. समीक्षकाच्या दृष्टीने प्रश्न असा की, ज्या ग्रंथात काही उत्तरे जाणूनबुजून खोटी लिहिली आहेत आणि ती कोणती यावर खूण नाही, तो ग्रंथ वाचावयाचा कसा? कादंबरीकारही खोटे लिहितो, पण तो मुखपृष्ठावर 'कादंबरी' असे छापतो. येथे मुखपृष्ठावर 'चौकशी' असे छापले आहे.

या खोट्याची किंमत कोणी दिली? १७ एप्रिल १९६६ रोजी पहाटे ओहायओतल्या एका उपशेरीफने आपल्या जोडीदारासह आकाशातल्या एका तेजस्वी वस्तूचा सुमारे ८५ मैल, शेजारच्या राज्यापर्यंत पाठलाग केला. हवाई दलाने सांगितले, तुम्ही आधी एक उपग्रह पाहिला, मग शुक्र पाहिला. ते खरेही असू शकेल. पण ते सांगण्याआधी त्या माणसांजवळ बसून नीट ऐकून घ्यावयाचे असते, ते झाले नाही. लोकांनी त्यांची टर उडविली, आणि काही महिन्यांत त्या उपशेरीफची नोकरी आणि संसार दोन्ही गेल्याचे वृत्त आले. मी त्याचे नाव येथे देत नाही. त्याच्या नावाचे व्हायचे ते झालेले आहे. आपण वर्गात एखाद्या पोराचे उत्तर 'काहीतरीच!' म्हणून उडवून लावतो, तेव्हा ते पोर पुन्हा हात वर करीत नाही, हे मी रोज पाहतो.

या अवाढव्य कादंबरीत पात्र म्हणावे असे एकच: खगोलशास्त्रज्ञ डॉ. ॲलन हाइनेक. १९४८ साली ते हवाई दलाचे सल्लागार झाले ते या सगळ्याला हसणारे म्हणून. मार्च १९६६ मध्ये मिशिगनमधल्या दिव्यांबाबत त्यांनी 'दलदलीतला वायू' असे म्हटले आणि देशभर त्यांचेच हसे झाले. वर्षानुवर्षे साक्षीदारांसमोर बसून हा माणूस बदलत गेला, आणि १९७२ साली त्यांनी जे पुस्तक लिहिले त्यात हवाई दलाच्या पद्धतीवरच टीका केली. बाकीचे अधिकारी येतात, सही करतात आणि बदलीवर जातात. हाइनेक मात्र वाढतात. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९७७ च्या आपल्या चित्रपटाला नाव घेतले ते हाइनेक यांच्याच वर्गीकरणातून. त्या चित्रपटातला हिंदुस्थानचा प्रसंग आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावी चित्रित झालेला आहे, हे आपल्या वाचकांना ऐकून मौज वाटेल. आवाज कोठून आला असे विचारताच सारा जमाव एकदम आकाशाकडे बोटे करतो. दृश्य सुंदर आहे, पण दप्तराशी त्याचे काही नाते नाही. दप्तरातला साक्षीदार बहुधा एकटा असतो, रात्रपाळीवर असतो, आणि बोट वर करावे की नाही याचा विचार करीत असतो.

आता या दप्तरातून निघालेल्या पुस्तकाकडे येतो. कॅप्टन एडवर्ड रूपेल्ट यांनी १९५१ ते १९५३ या काळात हे काम चालविले. दुसऱ्या महायुद्धात ते बी-२९ विमानांवर होते आणि हिंदुस्थानातही राहून गेले होते. 'अनोळखी उडती वस्तू' हा शब्द त्यांनीच रूढ केला, आणि मी म्हणतो हे त्यांचे सर्वांत चांगले लेखन! 'उडती तबकडी' म्हटले की उत्तर आधीच दिल्यासारखे होते. 'अनोळखी' म्हटले की प्रश्न शिल्लक राहतो. १९५६ साली त्यांचे पुस्तक आले. त्याची सुरुवातच जाळून टाकलेल्या एका अहवालाने होते, आणि पुढे १९४८ सालच्या आणखी एका अहवालाची हकीगत येते: या वस्तू परग्रहावरच्या असाव्यात असा त्याचा निष्कर्ष होता, जनरल व्हँडेनबर्ग यांनी तो पुराव्याअभावी परत पाठविला, आणि प्रती नष्ट केल्या गेल्या. त्याची प्रत आजपर्यंत सापडलेली नाही. म्हणजे दप्तरातले सर्वांत गाजलेले पान दप्तरातच नाही. रूपेल्ट यांची भाषा साधी आहे. कोठे कोठे थट्टेखोर आहे. आपल्याला जे ठाऊक नाही ते 'ठाऊक नाही' म्हणताना त्यांची मान खाली जात नाही. सतरा प्रकरणे अशी आहेत.

पण १९६० साली दुसरी आवृत्ती निघाली, तिला तीन प्रकरणे जोडलेली आहेत, आणि त्यांत रूपेल्ट या सगळ्याला एका अवकाशयुगातली दंतकथा ठरवून मोकळे होतात. त्याच वर्षी वयाच्या ३७ व्या वर्षी ते हृदयविकाराने वारले. कोणी म्हणते त्यांच्यावर दडपण आले, कोणी म्हणते तबकडीवाल्या भोंदूंना ते कंटाळले. मी पुस्तकापुरते बोलतो. मत बदलण्याला माझा आक्षेप नाही. त्यांचे शेवटचे मत पहिल्यापेक्षा अधिक बरोबर असण्याचाही पुष्कळ संभव आहे. आक्षेप आहे तो त्या तीन प्रकरणांच्या लेखनाला. सतरा प्रकरणांत ज्याने प्रत्येक साक्षीदाराला बसायला खुर्ची दिली, तोच येथे उभ्या उभ्या सर्वांना निरोप देतो. आधीच्या ज्या प्रकरणांना उत्तर नव्हते त्यांना उत्तर मिळाल्याचे दाखवीत नाही, फक्त आवाज बदलतो. ज्यांना हे पुस्तक मिळेल त्यांनी सतराव्या प्रकरणानंतर थांबावे आणि नंतर हवी तर ती तीन निराळी वाचावीत, दुसऱ्याच एका लेखकाची म्हणून.

१९६९ च्या जानेवारीत छापलेल्या कॉन्डन समितीच्या अहवालाविषयी थोडक्यात सांगतो. कोलोरॅडो विद्यापीठातल्या या समितीने दोन वर्षे काम केले. आरंभीच डॉ. कॉन्डन सांगतात की, या अभ्यासातून विज्ञानाच्या हाती काही लागलेले नाही आणि पुढेही लागेलसे दिसत नाही. आत मात्र कितीतरी प्रकरणे त्यांच्याच सहकाऱ्यांनी उलगडली नाहीत म्हणून सोडली आहेत. पण आमची मुले जशी गाईडातला सारांश वाचून परीक्षेला जातात, तसे सर्वांनी पहिली पाने वाचली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ब्लू बुक बंद झाले.

आपल्याकडेही असे एक दप्तर तयार झाले होते, आणि मला ते या सर्वांहून सरस वाटते. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमध्ये, पँगाँग सरोवराजवळच्या ठाण्यावर, आपल्या जवानांनी आकाशातल्या अनोळखी तेजस्वी वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या. चीनची टेहळणी विमाने असावीत असा संशय होता. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाहून सांगितले: एक गुरू आहे आणि एक शुक्र. वर्तमानपत्रांना हसायला विषय मिळाला. मला हसू आले नाही. १४,००० फुटांवर हवा विरळ आणि स्वच्छ, ग्रह असे झळाळतात की खालच्या माणसाला कल्पना येऊ नये. त्यातून सीमेवरचा पहारा. आणि या जवानांनी घाबरून गोष्टी रचल्या नाहीत. केव्हा उगवले, कोठे मावळले, हे लिहून ठेवले; म्हणूनच तर शास्त्रज्ञाला उत्तर देता आले. केंटकीतही शुक्र म्हटले आणि लडाखातही शुक्र म्हटले, पण पहिले उत्तर टेबलावर बसून दिलेले, दुसरे पाहून.

अमेरिकेत मधल्या काळात शब्द बदलला. आता 'वस्तू' न म्हणता 'घटना' म्हणतात. जून २०२१ मध्ये त्यांच्या गुप्तवार्ता प्रमुखांच्या कचेरीने नऊ पानी अहवाल काढला. १४४ नोंदी, त्यांपैकी उलगडली एक. तो हवा जात चाललेला मोठा फुगा होता. मार्च २०२४ मध्ये संरक्षण खात्याच्या नव्या विभागाने १९४५ पासूनच्या सर्व चौकश्यांचा आढावा घेतला आणि परग्रहावरचे काही आढळले नाही असे सांगितले. दोन्ही अहवाल मी वाचले. निष्कर्षांशी माझे भांडण नाही. पण त्यांत साक्षीदाराचा आवाज कोठेच ऐकू येत नाही: वाटाणा नाही, उलटलेली मोटार नाही, पडलेला चष्मा नाही.

छपाईविषयी लिहावयाचे तर, ब्लू बुकची पाने बहुतेक टंकलिखित आहेत, बरीचशी कार्बन प्रती, त्यांच्या वरून फिल्म घेतलेली, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी अक्षरे उडाली आहेत. साक्षीदारांची नावे काळी केलेली आहेत. काळे करणाऱ्याला कंटाळा आला तेथे एखादे राहूनही गेले आहे. चित्रे मात्र पाहण्यासारखी आहेत. चित्रकला न येणाऱ्या माणसांनी काढलेली, बाजूला क्षितिजाची रेघ, एखादे झाड, आणि उत्तर कोणत्या बाजूला हे दाखविणारा बाण.